उजनी ‘मायनस’मध्ये गेली म्हणजे नक्की काय झालं?

भीमाकाठ

एप्रिल लागला की आमच्याकडे सकाळी चहाच्या आधी व्हॉट्सॲपवर आकडा येतो. उजनी वजा १२, उजनी वजा ३०. मग पुण्याचे पाहुणे फोन करून विचारतात, “संपलं का रे पाणी?” मी करमाळा तालुक्याच्या काठावरचा. घरच्यांची जुनी जमीन धरणात आहे आणि नवीन जमीन धरणावर आहे, म्हणून या आकड्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

उजनी धरणात एकूण ११७.२३ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) पाणी मावतं. त्यातलं उपयुक्त ५३.५७ आणि त्याच्या खालचा मृतसाठा ६३.६६. पेपरातली टक्केवारी फक्त त्या ५३.५७ वर काढतात, आणि पाणी मृतसाठ्यात उतरलं की ती वजा होते. म्हणजे ‘शून्य टक्के’ लिहून येतं त्या दिवशी धरणात ६३ टीएमसीच्या वर पाणी असतं! २०२४ च्या जूनमध्ये उजनी वजा ६० च्या आसपास गेली होती, टीव्हीवर भेगाळलेली जमीन दाखवत होते. तेव्हाही गणिताने साडेएकतीस टीएमसी शिल्लक होतं. खडकवासला साखळीतली चारही धरणं काठोकाठ भरली तर २९ टीएमसी होतात. आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला उजनी भरून दरवाजे उघडावे लागले.

हे शून्य ठरवलंय ते कालव्याच्या तोंडाच्या उंचीवरून. त्या पातळीखाली कालव्यात पाणी चढत नाही, एवढंच. पण धरणात आणि धरणाखालच्या नदीत जे काही जगतं त्याचं शून्य वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ते कुणी मोजत नाही. रोहित पक्ष्याला गुडघाभर पाणी आणि खाली चिखल लागतो. धरण तुडुंब असेल तर तो येऊन करणार काय? पाणी उतरायला लागलं, काठाची सपाट जमीन उघडी पडली की कुंभारगाव, डिकसळकडे थवे उतरतात. चिलापी (तिलापिया) माशाचा नर उथळ चिखलात परातीएवढा गोल खड्डा करतो, मादी तिथे अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. पाणी मागे हटलं की हे खड्डे ओळीने उघडे पडतात, कडा अजून ओल्या असतात. आमच्याकडची पोरं त्यावरून सांगतात की परवा पाणी कुठवर होतं.

आता मुद्द्यावर येतो. सोलापूरची समांतर जलवाहिनी, म्हणजे उजनीपासून शहरापर्यंतची दुसरी पाईपलाईन. जुन्या पाईपलाईनने भागत नाही म्हणून आजवर शहरासाठी भीमेतही पाणी सोडायचं, ते पंढरपूर, मंगळवेढा करत सोलापूरजवळच्या औज बंधाऱ्यापर्यंत जायचं. एका आवर्तनाला, म्हणजे एका वेळी ठरवून सोडायच्या पाण्याला, पाच-सहा टीएमसी लागतं, आणि औजला त्यातलं एक टीएमसीसुद्धा मावत नाही. पाईपने नेलं तर ही उधळपट्टी थांबेल असं सगळे म्हणतात. बरोबर आहे. पण उन्हाळ्यात भीमेत जे काही पाणी दिसायचं ते याच ‘उधळपट्टी’चं होतं. ते बंद झालं तर खालच्या नदीचं काय? तुमची मतं हवीत.

सिद्धेश्वरपेठ

भाऊ, मी सोलापूरचा. आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. धरण १०० टक्के भरलेलं असतानाही. बायकोने हांडे, पिंपं, बादल्या, मुलांचा जुना टब, सगळं भरून ठेवायचं आणि पाचव्या दिवशी उरलेलं ओतून परत भरायचं. तुम्ही माशांचं बोलताय, चांगलंय, पण आधी माणसांना द्या. पाईपलाईनला ‘पण’ लावलेला ऐकला की आमचं डोकं फिरतं.

भीमाकाठ

@सिद्धेश्वरपेठ, पाईपलाईन नको असं मी म्हटलेलंच नाही. व्हायलाच पाहिजे. नव्या पाईपची क्षमता १७० एमएलडी (दिवसाला १७० दशलक्ष लिटर), म्हणजे वर्षाला साधारण २.२ टीएमसी होतं. नदीतून नेताना तेवढ्यासाठी कितीतरी पट पाणी सोडलं जायचं. पाईपने जे पाणी वाचेल त्याचं काय करायचं, एवढाच माझा प्रश्न आहे. ते सगळंच्या सगळं नव्या उसाला जाणार असेल तर त्याला बचत म्हणू नये.

जुना_पाटकरी

पाटबंधारे खात्यात नोकरी केली, आता निवृत्त. भीमाकाठ यांचे आकडे बरोबर आहेत, थोडी भर घालतो.

नदीत सोडलेल्या पाण्यातला मोठा वाटा वाटेत जातो तो तीन ठिकाणी. पहिली कोरडी वाळू. उन्हाळ्यात तापलेल्या पात्रात पहिले दोन-तीन दिवस पाणी पुढे सरकायचं नावच घेत नाही, आधी वाळूची तहान भागते. दुसरं बाष्पीभवन. तिसरं म्हणजे काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारी. पाणी औजला पोचावं म्हणून नदीकाठची वीज दिवसाला दोन-चार तासांवर आणतात, आणि मग मोर्चे निघतात. मी दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्यात.

पण वाळूत जिरलेलं पाणी वाया गेलं असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, ते मला कधी पटलं नाही. काठावरच्या विहिरी त्यावरच चालतात. गावच्या नळयोजनांच्या जॅकवेल (पाणी उपसायच्या विहिरी) नदीत आहेत. त्या आवर्तनाने डोह भरतात आणि पुढचा महिना दीड महिना मासा, कासव, जनावरं त्या डोहावर असतात. आवर्तनाच्या कागदावर यातलं काहीच नसतं. कागदावर ‘सोलापूर शहर पिण्यासाठी’ असतं, आषाढीला ‘वारीसाठी चंद्रभागेत’ असतं. नदीचा स्वतःचा असा रकाना मी नोकरीत असेपर्यंत तरी पाहिला नाही. बाकीचं तिला फुकटात मिळत होतं.

मुठेकाठची

पुण्याहून. एक बाजू राहिलीये. उजनी भरते ती आमच्या पाण्याने, आणि हिरवी होते तीही आमच्याच पाण्याने. :( मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते आणि पुण्या-पिंपरीचं सांडपाणी, जलपर्णी, सगळं यथावकाश तुमच्याकडे. एप्रिल-मे मध्ये पळसदेवच्या बाजूला पाणी पाहिलंय, कुणी हिरवा ऑइलपेंट ओतल्यासारखं. काठावर साय धरलेली, आणि वास!

२०१६ ला जायकाचा (जपानच्या कर्जातला) पुण्याच्या सांडपाण्याचा प्रकल्प ठरला, ११ शुद्धीकरण केंद्रं, ३९६ एमएलडी. ती झाली की उजनी स्वच्छ होईल असं इकडे सगळ्यांना वाटतं. माझं काम याच क्षेत्रातलं आहे, म्हणून सांगते, तेवढ्याने हिरवा रंग जाणार नाही. साध्या केंद्रात सेंद्रिय घाण कमी होते, पाणी दिसायला नितळ होतं. पण नायट्रोजन आणि फॉस्फरस बऱ्यापैकी तसेच पुढे जातात, त्यांच्यासाठी वेगळी प्रक्रिया लागते. शेवाळाला नेमकं तेच हवं असतं. त्यात उसाच्या रानातलं खत काठावरून मिसळतं ते वेगळंच. आणि धरण मायनसमध्ये गेलं की तेवढंच खत निम्म्या पाण्यात उरतं, वर ऊन. शेवाळाची चंगळ.

पाणकावळा

मुठेकाठची, तुमचं म्हणणं बरोबर, पण गंमत बघा. त्या खतावरच तिथला पक्ष्यांचा बाजार भरतो. शेवाळ, चिखलातल्या अळ्या, बारीक कवचवाले जीव, हे सगळं इतकं दाटीने वाढतं म्हणून तर रोहित, चित्रबलाक, शेकाट्यांचे थवे, हिवाळ्यात पट्टकदंब, सगळे तिथे गोळा होतात. रोहित चोच उलटी करून चिखलपाणी गाळतो. अगदी जवळून पाहायचा असेल तर कुंभारगावच्या होडीवाल्यांना इंजिन बंद करून वल्ह्याने न्यायला सांगा. मान पूर्ण खाली, चोचीचा वरचा भाग तळाला टेकलेला, आणि पायांनी जागच्या जागी चिखल तुडवत गोल गोल फिरतो. फिरून गेला की चिखलात एक कडं राहतं.

पण यावरून “घाण चांगली” असा निष्कर्ष कुणी काढू नका. थोडं खत आणि अति खत यात फरक आहे. दाट हिरव्या पाण्यात रात्री प्राणवायू संपतो, पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून आ-वासत असतात. तिथे एका टप्प्यानंतर पक्षीही फिरकत नाहीत.

अजून एक. पाणी उतरलं की मध्ये उघडी बेटं तयार होतात. नदी सुरय पक्षी त्यांवर मार्च ते मे दरम्यान अंडी घालतात, नुसत्या मातीवर, घरटं असं काही नसतंच. तिथे मेंढरं, कुत्री किंवा फोटोवाले पोचले की संपलं. फोटोवाले जास्त वाईट. मी पण फोटोवालाच आहे, तरी सांगतो.

काळी_माती

इंदापूर साईड. ऊस आहे माझा, लपवत नाही. या धाग्यावर उसाला आडून शिव्या चालल्यात, म्हणून लिहितो.

धरणात आमच्या आज्ज्याची काळीभोर रानं गेली. पळसदेवचं देऊळ उघडं पडलं की तुम्ही सेल्फी काढायला येता. आमची म्हातारी माणसं तिथे उभी राहून दाखवतात, हा आपला वाडा, ही चावडी. त्या बदल्यात काठावर पाणी मिळालं, त्यावर ऊस केला. सोलापूर जिल्ह्यात तीसेक साखर कारखाने कुणी उभे केले? आम्ही एकट्याने? ज्वारीला भाव द्या, उद्या ऊस मोडतो.

आणि मायनसमध्ये गेल्यावर आम्हाला काय करावं लागतं ते लिहा की. पाणी लांब गेलं की पाईप वाढवा, केबल वाढवा, चारी खोदा. दर पंधरा दिवसाला मोटार पुढे सरकवायची. रात्री केबल चोरीला जाते ती वेगळी. सोलापूरच्या पंपांनाही दुबार, तिबार पंपिंग करावं लागतं. तेव्हा ‘अजून साडेएकतीस टीएमसी आहे’ हे ऐकायला बरं वाटतं, पण ते आमच्यापासून एक किलोमीटर आत असतं!

भीमाकाठ

काळी_माती, राम राम. आपण समोरासमोरच्या काठावर, मध्ये तेच पाणी. केबलचं दुखणं माझंही आहे. उसाला शिव्या देण्यात अर्थ नाही हे खरं, पण एक विचारतो. पाणी उतरल्यावर आपण गाळपेर करतो. चाऱ्याचा मका, कलिंगड, भुईमूग. तिथे गेल्या काही वर्षांत तणनाशक किती मारलं जातंय? तीच जमीन जुलैत पाण्याखाली जाते. म्हणजे ते औषध आपणच धरणात ओततो, पुण्याला नावं ठेवायच्या आधी.

काळी_माती

ते खरंय. मजूर मिळत नाही म्हणून मारतात.

चिलापी_फ्राय

आमचं घर भोयांचं, तीन पिढ्या उजनीत. धरणाआधी आजोबा नदीतच मारायचे. माशांचं सगळे बोलतायत, म्हणून जाळं टाकणाऱ्याने पण बोलावं.

आजोबा सांगायचे मरळ, वाम, शिंगटा, आहेर. आता जाळ्यात येते ती मुख्यतः चिलापी. चिलापी वाईट नाही, भिगवणच्या बाजारात तिच्यावर शेकडो घरं चालतात, आणि तिखट-मीठ लावून तव्यावर टाकली तर नावं ठेवणाराही दोन खातो. पण ती कुणाला जागा ठेवत नाही. पाणी घाण असलं तरी जगते, पिल्लं तोंडात सांभाळते, वर्षातून कितीतरी वेळा विते. रोहू-कटल्याचं तसं नाही. त्यांना वाहतं पुराचं पाणी लागतं, साठलेल्या पाण्यात ते वीत नाहीत. बाहेरून मत्स्यबीज आणून सोडलं तरच मिळतात. आणि सोडलेलं बीज मोठं व्हायच्या आत वडापवाले ओढून नेतात.

वडाप माहीत नसेल तर सांगतो. मच्छरदाणीसारखं बारीक जाळं, होडीने वेढा घालून काठाला ओढायचं. बोटाएवढी पिल्लंसुद्धा सुटत नाहीत. सुकवून खाद्याला जातात, किलोला काही भाव नसतो. बंदी आहे, कागदावर. आम्ही तक्रार केली तर आमच्याच होड्या फुटतात, त्यामुळे नावं विचारू नका. पाणी मायनसमध्ये गेलं की वडापवाल्यांची दिवाळी, कारण सगळा मासा थोड्या जागेत कोंडलेला असतो.

दोन-तीन वर्षांपासून सकर मासा पण लागतोय. खवले काट्यांचे, जाळं फाटतं, कुणी घेत नाही. कुणीतरी घरच्या काचेच्या टाकीतले सोडले असणार. मांगूरची तळी प्रशासनाने मध्यंतरी फोडली ते बरं झालं, तो मासा बाहेर पडला की दुसऱ्याला शिल्लक ठेवत नाही.

मुठेकाठची

@चिलापी_फ्राय, दादा, फार महत्त्वाचं लिहिलंत. एक विचारू? जूनमध्ये धरणातून वर, दौंडच्या दिशेने, मासे चढतात का अजून?

चिलापी_फ्राय

चढतात ताई, पण कमी. पहिला गढूळ लोंढा आला की आहेर, वाम, बारीकसारीक मासा उलटा वर निघतो, ओढ्या-नाल्यातसुद्धा शिरतो. चढणीचे मासे म्हणून लोक काठ्या घेऊन उभेच असतात. पोटात अंडी असतात त्यांच्या. एक धरला म्हणजे किती गेले ते तुम्हीच बघा. आमच्या घरात चढणीला जाळं टाकत नाहीत, आजोबांचा दंडक. पण आता चढणीला जाळं टाकणारे बहुतेक मासेमार नसतातच, हौशी असतात.

जुना_पाटकरी

याच्याशी जोडून. नदीवर कोल्हापुरी बंधारे आहेत, त्यांचे बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) पावसाळ्याआधी काढायचे असतात. वेळेत काढले नाहीत तर पहिला लोंढा अडतो आणि मासाही अडतो. बर्गे उशिरा काढण्याचं कारण ऐंशी टक्के वेळा “अजून थोडं पाणी राहू द्या साहेब” हेच असतं. साहेबही राहू देतात. मग पूर आला की बर्गे वाहून जातात आणि बंधाऱ्याची बाजू खचते. मासा वाचवायला नाही तर बंधारा वाचवायला तरी वेळेत काढा.

टेंभुर्णी_नाका

धागा मस्त. अवांतर: वाळूचं कुणीच का लिहीत नाही? रात्रभर बोटींचा आवाज. महसूलवाले येतात, जिलेटिन लावून बोटी उडवतात, पेपरात फोटो येतो, पंधरा दिवसांनी नवीन बोट. पाटकरी काका म्हणतात वाळू पाणी पिते, पण वाळूच राहिली नाही तर विहिरीला पाणी येणार कुठून?

जुना_पाटकरी

हे अवांतर नाही, हाच मुद्दा आहे. वाळू गेलेल्या पात्रात आवर्तनाचं पाणी खडकावरून सरळ पुढे पळतं. सोलापूरला लवकर पोचतं म्हणून काहींना बरं वाटतं. विहिरी मात्र कोरड्या.

सिद्धेश्वरपेठ

सगळं वाचलं. माझा पहिला प्रतिसाद जरा तिखट होता, पण मुद्दा कायम आहे. पाईपलाईन हवी, आणि तिच्या पुढची शहरातली वितरणव्यवस्था पण हवी, नाहीतर पाणी शहराजवळच्या पाकणीच्या केंद्रापर्यंत येईल आणि गळत जाईल. बाकी नदीत पाणी ठेवायला माझी ना नाही. चंद्रभागेत वारकऱ्यांनी कशात आंघोळ करायची हा आमच्याही घरचा विषय आहे, आई दरवर्षी जाते. फक्त मला समजेल असं सांगा, नदीसाठी किती पाणी लागेल? का नुसतंच “नदी वाहती ठेवा”?

जुना_पाटकरी

चांगला प्रश्न. ढोबळ हिशेब देतो. १०० क्युसेक (सेकंदाला १०० घनफूट) पाणी चार महिने सलग सोडलं तर एक टीएमसीच्या जरासं वर जातं. कागदावर छान दिसतं. पण फेब्रुवारीत १०० क्युसेक सोडलंत तर ते पहिल्या काही गावांच्या वाळूत आणि मोटारीत संपेल, पंढरपूरला थेंब पोचणार नाही. त्यामुळे सलग बारीक धार या नदीला चालणार नाही. माझ्या मते मोठे डोह निवडावेत, आणि उन्हाळ्यात दोन-तीन वेळा जोराचं छोटं आवर्तन देऊन ते भरावेत. डोहातून उपसा बंद. शहराचं आवर्तन बंद झाल्यावर जेवढं वाचेल त्याच्या चौथाईतसुद्धा हे बसावं असा माझा अंदाज आहे, पण प्रत्यक्ष मोजूनच ठरवायला हवं. आणि हे शहराचं आवर्तन पूर्ण बंद व्हायच्या आत ठरायला पाहिजे. एकदा का त्या पाण्यावर नवीन उपसा योजना मंजूर झाल्या की परत मागायला कुणाची छाती होणार नाही.

काळी_माती

डोहातून उपसा बंद म्हणजे डोहाकाठच्या शेतकऱ्याने काय करायचं काका?

जुना_पाटकरी

बाजूला विहीर. डोह भरलेला असेल तर विहिरीला पाणी राहतं. आणि ठिबक. रागावू नका.

काळी_माती

रागावलो नाही. ठिबक आहेच माझ्याकडे. शेजाऱ्याकडे नाही.

पाणकावळा

धरणासाठी पण एक मागणी जोडा. मे महिन्यात पातळी ज्या बेटांवर सुरयांची अंडी असतात त्यांच्या आसपास असते. वळिवाने दौंडचा विसर्ग अचानक वाढला तर आपल्या हातात काही नाही, पण गाळपेरीचे भाडेपट्टे देताना ती बेटं वगळता येतील. एवढी साधी गोष्ट आहे, पैसा लागत नाही.

भीमाकाठ

सगळ्यांचे आभार, एवढी चर्चा होईल असं वाटलं नव्हतं. आवर्तन ठरतं कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत. तिथे पालकमंत्री, आमदार, खासदार, अधिकारी असतात, कारखान्यांचे लोक असतात. मासेमारांकडून कुणी बोलल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. पुढच्या बैठकीआधी निवेदन द्यावं असं डोक्यात आहे. चार मागण्या: डोहांसाठी आवर्तन, बर्गे वेळेत, बेटं गाळपेरीतून वगळणं, वडाप बंदी. चिलापी_फ्राय दादा, दोन्ही काठांवरच्या मच्छीमार सोसायट्यांचं पत्र मिळेल का? मसुदा मी लिहितो, काका आकडे तपासून देतील का?

चिलापी_फ्राय

पत्र मिळेल. वडापचं कलम सोसायटीच्या पत्रात नको, तुमच्या निवेदनात ठेवा. कारण वर लिहिलंय.

जुना_पाटकरी

आकडे तपासतो. मसुदा दोन पानांच्या वर नेऊ नका, आणि ‘परिसंस्था’, ‘पर्यावरणीय प्रवाह’ असलं काही पहिल्या पानावर नको. कुठला डोह, कुठल्या महिन्यात, किती दलघफू (दशलक्ष घनफूट), असा तक्ता वरच टाका. बैठकीत तक्त्यावर बोललं जातं, बाकीचं ‘नोंद घेतली’ होतं. डोहांची नावं काठावरच्या लोकांनी इथेच लिहा, म्हणजे रविवारपर्यंत यादी होईल.

टेंभुर्णी_नाका

यादीत आमच्या खालचे दोन डोह मी टाकतो. एकात मगर आहे असं लोक म्हणतात, तिथला उपसा आपोआप बंद आहे. :)